उद्यमबागेतील फोर्कलिफ्ट दुरुस्तीचे एक गॅरेज : आधी निदान, मग पाना

मच्छे औद्योगिक वसाहतीतील आमच्या फाउंड्रीत तीन टन क्षमतेची एकच डिझेल फोर्कलिफ्ट आहे. भंगार आणि पिग आयर्न भट्टीपर्यंत नेणे, मोल्डिंगची वाळू हलवणे, फेटलिंग झालेली (कडा घासून साफ केलेली) कास्टिंग पॅलेटवर रचून ट्रकमध्ये चढवणे ही सारी कामे तिच्यावरच चालतात. ती थांबली की दोन्ही पाळ्यांतील माणसांचे हात थांबतात आणि कोल्हापूरकडे निघालेला ट्रक भाडे वाढवत फाटकात उभा राहतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडापासून आजपर्यंत या गाडीच्या इंजिनात तीन निरनिराळे बिघाड झाले आणि ते तिन्ही उद्यमबागेतील एका लहान गॅरेजने दुरुस्त केले. बेळगावात फोर्कलिफ्ट वापरणारे माझ्यासारखे शेकडो लहान कारखानदार असतील, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गॅरेजचे नाव मी देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. त्यांना सगळे नुसते ‘मिस्त्री’ म्हणतात. ते स्वतः, हाताखालची दोन मुले आणि एक गाडी एवढ्या बळावर जितके काम नीट होते तितकेच ते घेतात, आणि त्याहून जास्त फोन आले तर हातातल्या कामावर अन्याय होतो असे त्यांचे म्हणणे आहे. त्या विनंतीचा मान राखतो. खानापूर रस्त्याने तिसरे रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेत शिरावे आणि हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात फोर्कलिफ्टच्या मिस्त्रींची चौकशी करावी, पत्ता मिळतो.

पहिला बिघाड सर्वांत त्रासदायक होता. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची, अर्धा-पाऊण तास उत्तम चालायची आणि मग लोड उचलताना आवाज खाली जाऊन बंद पडायची. लगेच सेल्फ मारला तर इंजिन नुसते फिरत राहायचे. दहा-पंधरा मिनिटे थांबलो की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू व्हायची. आम्ही ती आधी दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती. तेथे गाडी पाहताच पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेले असे सांगण्यात आले, दोन्ही उतरवून ओव्हरहॉल करण्यात आले, डिझेल फिल्टर बदलण्यात आले आणि अडतीस हजार रुपयांचे बिल आमच्या हाती पडले. त्यानंतर चार दिवस गाडी बिनतक्रार चालली. पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता ती भट्टीसमोर, माल उचलणाऱ्या पुढच्या काट्यांवर भंगाराची पेटी असताना, पुन्हा बंद पडली. पैसे गेल्याचे वाईट वाटलेच, परंतु त्याहून मोठी अडचण अशी झाली की आता नेमके कशावर संशय घ्यावा हेच कळेनासे झाले.

उद्यमबागेतील मिस्त्रींना फोन केला तेव्हा त्यांनी गाडीची कंपनी किंवा मॉडेल आधी विचारले नाही. गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर, रिकामी असताना की लोडवर, बंद पडताना आचके देते की चावी फिरवल्यासारखी एकदम थांबते, आणि त्या वेळी धूर कोणत्या रंगाचा असतो, असे चार प्रश्न त्यांनी विचारले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला देता आली, पुढच्या दोहोंसाठी ड्रायव्हरला फोन द्यावा लागला. आमचा ड्रायव्हर बैलहोंगलकडचा आहे. मिस्त्री त्याच्याशी पाच-सात मिनिटे कन्नडमध्ये बोलले आणि शेवटी मला म्हणाले, “साहेब, उद्या सकाळी येतो, पण मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका आणि डिझेल भरल्याचं रजिस्टर काढून ठेवा.” डिझेलच्या रजिस्टरचा इंजिनाच्या बिघाडाशी काय संबंध असावा हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि दीड तास त्यांनी एकही नट सैल केला नाही. आधी ऑइलची पट्टी काढून पातळी पाहिली आणि ऑइलला डिझेलचा वास येतो का ते हुंगून पाहिले, कारण पंपाचे सील किंवा नोझल गळत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि पातळी वाढलेली दिसते. बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून पाहिले, सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली येते हे मीटरवर पाहिले. ते साडेदहाच्या खाली उतरले नाही, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही संशयातून सुटले. त्यानंतर टाकीपासून, डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंत जाणारा रबरी पाइप काढून त्या जागी हातभर लांबीचा पारदर्शक पाइप बसवला, आणि इंजिन थांबवणाऱ्या सोलेनॉइडच्या (डिझेल बंद-चालू करणाऱ्या विजेच्या झडपेच्या) वायरीला मल्टिमीटर जोडून तो सीटजवळ टांगून ठेवला. एवढी तयारी झाल्यावर ड्रायव्हरला म्हणाले, “आता रोजच्यासारखं काम करा, मला गाडी माझ्यासमोर बंद पडलेली बघायचीय.”

ही त्यांची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. जो बिघाड अधूनमधून होतो, तो गाडी ठीक चालत असताना शोधता येत नाही. तो घडत असतानाच पकडावा लागतो, आणि तो घडेल त्या क्षणी काय काय मोजायचे हे आधी ठरवून ठेवावे लागते. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या डिझेल इंजिनात संशयाला तीन-चार जागा असतात. सोलेनॉइडची कॉइल तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, अशा वेळी डिझेल एकदम बंद होते. टाकीतल्या जाळीवर कचरा ओढला जाऊन बसतो आणि इंजिन थांबले की खाली पडतो. सक्शन लाइनमध्ये एखादे तांब्याचे वॉशर दबलेले असेल किंवा पाइपला चीर असेल तर लाइन एअर घेते. चौथी शक्यता टाकीच्या झाकणाची, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

अडतीस मिनिटांनी गाडी बंद पडली. मीटरवर बारा व्होल्ट दिसत होते आणि चावी बंद-चालू केल्यावर सोलेनॉइडचा ‘टक’ असा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, म्हणजे तिथे बिघाड नव्हता. पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडे नव्हते, परंतु पाइप दोन्ही बाजूंनी आत ओढला जाऊन चपटा झाला होता. मिस्त्रींनी मला जवळ बोलावले, टाकीच्या झाकणावर हात ठेवला आणि ते हळूच फिरवले. आत हवा शिरल्याचा ‘स्स्स’ असा लांब आवाज आला आणि माझ्या डोळ्यांसमोर तो चपटा पाइप पुन्हा गोल झाला. डिझेल हाताने पुढे ढकलणाऱ्या प्रायमरने पाच-सहा झटके देऊन त्यांनी सेल्फ मारायला सांगितले आणि इंजिन लगेच सुरू झाले.

टाकीतून जितके डिझेल बाहेर जाते तितकी हवा आत यावी म्हणून झाकणात एक बारीक छिद्र असते. फाउंड्रीत वाळूची आणि फेटलिंगची काळी धूळ हवेत असतेच. झाकणावर सांडलेल्या डिझेलला ती चिकटत गेली आणि छिद्रात मेणासारखा थर बसला. मग इंजिन जसजसे डिझेल ओढत गेले तसतशी टाकीत निर्वात पोकळी वाढत गेली, आणि एका मर्यादेनंतर फीड पंपाला डिझेल ओढणे अशक्य झाले. छिद्र पूर्ण बंद नव्हते, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत थोडी हवा आत झिरपून गाडी पुन्हा सुरू होत असे.

येथवर कोणाही अनुभवी मेकॅनिकला जमले असते असे म्हणता येईल. मिस्त्रींचे वेगळेपण त्यापुढे दिसले. त्यांनी डिझेलचे रजिस्टर उघडले आणि गाडी ज्या दिवशी बंद पडली त्या तारखांवर पेन्सिलने खुणा केल्या. जवळजवळ सगळ्या खुणा टाकी काठोकाठ भरलेल्या दिवसांवर पडल्या. टाकी गच्च भरलेली असली की वर हवेला जागा दोन-तीन लिटरचीच उरते, म्हणून दोन लिटर डिझेल गेले तरी आतला दाब झपाट्याने उतरतो. टाकी अर्धी रिकामी असली तर तेवढेच डिझेल गेल्याने फारसा फरक पडत नाही. पंप-नोझलचे काम झाल्यावर गाडी चार दिवस बिनतक्रार का चालली याचा उलगडाही तेथेच झाला. ती दुरुस्तीहून आली तेव्हा टाकीत जेमतेम डिझेल होते आणि ड्रायव्हर रोज कॅनने दहा-दहा लिटर ओतत होता, म्हणजे झाकणही वरचेवर उघडले जात होते. पाचव्या दिवशी बॅरलमधून टाकी पूर्ण भरली गेली. रजिस्टरच्या त्या पानाकडे पाहताना मला जे समाधान वाटले ते गाडी सुरू झाल्याच्या समाधानापेक्षा कमी नव्हते, कारण आता कोणतीही गोष्ट अंदाजावर राहिली नव्हती.

तरीही त्यांचे काम संपले नव्हते. झाकण सैल ठेवून त्यांनी गाडी दोन तास चालवून घेतली, ती बंद पडली नाही. मग तेच बुजलेले झाकण पुन्हा घट्ट लावून गाडी मुद्दाम चालवली आणि ती एकेचाळीस मिनिटांनी बंद पडली. त्यानंतरच त्यांनी नवे झाकण बसवले, टाकीतली जाळी धुतली आणि तळाचा प्लग उघडून दोन लिटर डिझेल काचेच्या बाटलीत घेतले. ती बाटली रात्रभर ऑफिसच्या खिडकीत ठेवायला सांगितली. सकाळी तळाशी बोटभर पाणी आणि त्यावर करड्या रंगाचा बुळबुळीत थर दिसला. आमचे डिझेल दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभे असे. बेळगावच्या पावसाळ्यात बॅरलच्या वरच्या खोलगट भागात पाणी साचते आणि बुचातून आत उतरते, शिवाय रात्री गारवा आला की आतल्या हवेतील ओल डिझेलवर ठिबकते. तेव्हापासून आमची बॅरल आडवी ठेवली जातात, बुचे डिझेलच्या पातळीखाली राहतात आणि पंपाची नळी तळापासून चार बोटे वर असते. या सगळ्या कामाचे बिल झाकणासह दोन हजार नऊशे रुपये झाले. त्यातील बाराशे रुपये केवळ तपासणीचे होते आणि ते बिलावर तसे स्पष्ट लिहिलेले होते.

या तपासणी शुल्काबद्दल काही जण कुरकुर करतात असे मी ऐकले आहे, कारण आपल्याकडे पुर्जा बदलल्याचे पैसे देण्याची सवय आहे आणि शोधल्याचे पैसे देणे जड जाते. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. ज्या गॅरेजची कमाई पुर्जे बदलण्यावरच अवलंबून असते, तेथे प्रत्येक तक्रारीचे उत्तर पुर्ज्यातच सापडते. मिस्त्री तपासणीचे पैसे वेगळे घेतात, म्हणून बिघाड तीनशे रुपयांच्या झाकणात आहे असे सांगताना त्यांचे काही नुकसान होत नाही.

दुसरा बिघाड ऑगस्टमध्ये झाला. गाडीचा पिकअप गेला, लोड घेऊन भट्टीकडच्या लहान चढावर ती रेंगाळू लागली आणि काळा धूर सोडू लागली. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते किंवा डिझेल नीट फवारले जात नाही; निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो; पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा हेड गॅस्केटमधून आत आलेल्या पाण्याचा असू शकतो. एवढे मलाही ठाऊक होते, म्हणून फोन करण्याआधी मी एअर फिल्टर पाहिला. तो स्वच्छ होता, कारण आमचा ड्रायव्हर दर शनिवारी तो कॉम्प्रेसरच्या हवेने झाडत असे, आणि तेच चुकत होते.

मिस्त्रींनी फिल्टर बाहेर काढून त्याच्या आत मोबाइलचा टॉर्च लावला आणि मला अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन दाखवले. कागदाच्या घड्यांमधून चार ठिकाणी सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसत होते. कॉम्प्रेसरची पूर्ण दाबाची हवा बाहेरून आत मारल्याने कागद फाटला होता. हवा आतून बाहेर मारायची असते, दाब दोन बारच्या वर न्यायचा नसतो आणि नळी कागदापासून वीतभर लांब धरायची असते. आतला दुसरा, सुरक्षेसाठी असलेला फिल्टर झाडायचा नसतो, बदलायचाच असतो. बाहेरच्या फिल्टरमधून आलेली धूळ अडवून अडवून तोच बुजला होता आणि इंजिनाला हवा कमी पडत होती. दोन्ही फिल्टर बदलल्यावर धूर नव्वद टक्के कमी झाला.

उरलेल्या धुरासाठी त्यांनी दोन चाचण्या केल्या. पहिली अशी की इंजिन रिकामे चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट क्षणभर सैल करायचा. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही असे समजायचे. हे करताना त्यांनी नटावर जाड कापड धरले होते आणि माझ्या मुलालाही (तो त्या दिवशी कारखान्यात आला होता) चार पावले मागे उभे केले होते, कारण नोझलच्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते आणि अशी जखम दिसायला लहान असली तरी हात गमावण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. तिसऱ्या सिलिंडरच्या वेळी आवाजात फरक अगदी कमी पडला. दुसरी चाचणी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते याची. नोझल काढून तेथे गेज बसवले आणि सेल्फवर इंजिन फिरवले, तेव्हा बाकीच्या तीन सिलिंडरमध्ये २७ ते २८ बार आणि तिसऱ्यात २३ बार असा आकडा आला.

हा आकडा हाती आल्यावर बहुतेक ठिकाणी लायनर-पिस्टनचे, म्हणजे इंजिन खोलण्याचे, काम निघाले असते, आणि खरे सांगायचे तर मीही मनाची तयारी केली होती. मिस्त्रींनी टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा भाग यांमधली फट) मोजले, ते तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फारच कमी भरले, म्हणजे गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसणार. सेटिंग करून पुन्हा मोजल्यावर आकडा २५ बार झाला. उरलेला फरक पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा आहे, फाटक्या फिल्टरमधून गेलेल्या वाळूने त्या झिजवल्या आहेत आणि ती झीज आता भरून येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. “पण आज इंजिन खोलू नका साहेब. हवा आता चांगली जातेय. अडीचशे तास चालवा, परत मोजू. आकडा तिथंच राहिला तर अजून दोन वर्षं जातील.” नोझल मात्र त्यांनी तपासणीसाठी पाठवली. पंप-नोझल कॅलिब्रेट करण्याचे यंत्र त्यांच्याकडे नाही आणि ते आहे असे ते भासवत नाहीत. शहरातील एका पंपरूमला ते काम देतात, सोबत काय तपासायचे याची चिठ्ठी देतात, आणि पंपरूमचे मूळ बिल आपल्या बिलाला जोडतात.

तिसरे काम तुलनेने लहान होते. ऑक्टोबरच्या उन्हात तापमानाचा काटा वर चढू लागला. पाणी पुरेसे होते, पंख्याचा पट्टा ताठ होता, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून पाहिला तर उघडत होता. दोष रेडिएटरच्या बाहेरच्या बाजूस होता. फोर्कलिफ्टचा रेडिएटर मागे, काउंटरवेटला (तोल सांभाळणाऱ्या मागच्या वजनाला) लागून असतो, आणि आमच्या गाडीत पंखा इंजिनाकडची हवा त्यातून मागे ढकलतो. त्यामुळे धूळ इंजिनाकडच्या बाजूवर साचते. आमची माणसे मात्र सोयीचे म्हणून इंजिनाकडूनच पाणी मारत होती आणि कचरा आणखी आत ठासत होती. गॅरेजच्या एका मुलाने काउंटरवेटच्या जाळीतून, हवेच्या उलट दिशेने, मंद दाबाचे पाणी मारले तेव्हा जो काळा गाळ बाहेर पडला तो दोन पाट्या भरला. बोअरच्या पाण्याऐवजी आता आम्ही तयार कूलंट वापरतो. आमच्या बोअरचे पाणी जड आहे, कपबशीला पांढरा थर धरते, मग ब्लॉकमध्ये काय होत असेल याचा विचार आम्ही याआधीच करायला हवा होता.

एवढे चांगले अनुभव लिहिल्यावर उणिवाही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हव्यात. सर्वांत गंभीर गोष्ट ऑगस्टच्या कामाच्या वेळी घडली. गॅरेजचा एक मुलगा काटे वर उचललेले असताना, आधार न लावता, मास्टखाली (काटे वर-खाली नेणाऱ्या उभ्या चौकटीखाली) वाकून हायड्रॉलिकचा पाइप पाहत होता. फोर्कलिफ्टच्या कामात ही चूक क्षम्य नाही, कारण एखादा पाइप फुटला किंवा कोणाचा हात लिव्हरला लागला तर काटे खाली यायला क्षणही लागत नाही. मी ओरडलो, मिस्त्रींनी काम तेथल्या तेथे थांबवले, काटे जमिनीला टेकवले, चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि मुलाला मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही भाषांत समज दिली. पुढच्या फेरीला त्यांच्या गाडीत मास्टला लावायचे दोन जाड लाकडी आधार दिसले. सुधारणा झाली याचे मला बरे वाटले, पण जे मालक स्वतः इतके काटेकोर आहेत त्यांच्या हाताखालच्या मुलांना हे शिक्षण पहिल्या दिवशीच मिळायला हवे होते.

दुसरी उणीव वेळेची. पावसाळ्यात त्यांच्याकडे गर्दी असते आणि नंबर लागायला दोन-तीन दिवस जातात. आमच्यासारख्या एकच गाडी असलेल्या कारखान्याला तीन दिवस म्हणजे फार झाले. ऑगस्टमध्ये आम्हाला दोन दिवसांसाठी भाड्याची फोर्कलिफ्ट आणावी लागली आणि ते भाडे दुरुस्तीच्या बिलापेक्षा जास्त भरले. पुर्जे ते स्वतः साठवून ठेवत नाहीत. साधे फिल्टर, पट्टे, वॉशर मिळतात, परंतु बाकी सगळे हुबळी किंवा कोल्हापूरहून मागवावे लागते आणि त्यात एक दिवस जातोच. शिवाय तपासणी पूर्ण होईपर्यंत खर्चाचा अंदाज देत नाहीत. त्यामागचे कारण मला पटते, तरी ज्यांना मुख्य कार्यालयाकडून आधी मंजुरी घ्यावी लागते त्यांची यात अडचण होईल.

एलपीजीवर चालणाऱ्या गाड्यांची कामे ते करतात, मी स्वतः त्यांच्याकडे अशी एक गाडी उघडलेली पाहिली आहे, पण त्या कामाचा मला अनुभव नसल्याने त्यावर मत देत नाही. बॅटरीवरच्या गाड्या ते घेत नाहीत.

दराबद्दल थोडक्यात सांगतो. उद्यमबाग ते मच्छे या पट्ट्यात येण्याचे वेगळे पैसे नाहीत. होनगा किंवा काकतीकडे यायचे असेल तर शहर ओलांडावे लागते म्हणून चारशे रुपये जादा घेतात. तपासणी बाराशे, पुढची मजुरी कामानुसार. तीन कामांचे मिळून, नोझल आणि फिल्टर धरून, आमचे एकूण सतरा हजार सहाशे रुपये झाले. जुने पुर्जे ते कापडात बांधून परत देतात, आणि प्रत्येक बिलाच्या मागे गाडीचे चाललेले तास, मोजलेले आकडे आणि पुढे काय पाहायचे ते हाताने लिहितात. ही लेखी नोंद माझ्या दृष्टीने त्यांच्या सेवेतील सर्वांत मोलाची बाब आहे. फोर्कलिफ्टला किलोमीटर नसतात, तासांचे मीटर असते. गाडी जागेवर उभी राहून पंप चालवत असते तेव्हाही इंजिन झिजत असते. आमच्याकडे याआधी ऑइल ‘दिवाळीला आणि उन्हाळ्यात’ बदलले जाई, आता ते दर अडीचशे तासांनी बदलले जाते, आणि धुळीच्या जागी त्याहून लवकर बदलले तरी वावगे नाही असे मिस्त्रींनी लिहून दिले आहे.

त्यांना बोलावणार असाल तर फोन करण्याआधी तासांच्या मीटरचा आकडा, शेवटचे डिझेल कधी आणि किती भरले, धुराचा रंग, आणि गाडी थंड असताना बिघडते की गरम, एवढे कागदावर लिहून ठेवा. गाडी रोज चालवणाऱ्या माणसाला जवळ बसवा. मिस्त्री मालकापेक्षा त्याच्याशी जास्त वेळ बोलतात, आणि आमच्या बाबतीत पहिला खरा धागा त्याच्याकडूनच मिळाला होता. टाकी भरलेल्या दिवशी गाडी जास्त रुसते हे त्याने आधीही सांगितले होते, फक्त ते ऐकून घ्यायला कोणी थांबले नव्हते.

गाडीच्या मीटरवर आज सात हजार आठशे चाळीस तास आहेत. आठ हजार झाले की तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन पुन्हा मोजायचे ठरले आहे. तो आकडा २५ बारवर टिकला तर इंजिन खोलायचे नाही. खाली उतरला, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत लायनर-पिस्टनचे काम त्यांनाच द्यायचे असे मी आजच सांगून ठेवले आहे.